पंख धरणारा आत बसला तेव्हा

मी एक जुनं, दोन माणसांचं विमान आहे. खालापूर तालुक्यातल्या एका रिसॉर्टच्या हिरवळीवर गेली दोन वर्षं मी उभा आहे. मित्रांनो, तुमच्या शाळेची सहल इथे आली, तर तुम्ही माझ्यापुढे उभे राहून फोटो काढाल, माझ्या चाकावर पाय देऊन वर चढाल आणि बाई ओरडल्या की उतराल. त्यात माझी काही तक्रार नाही. फक्त चढण्याआधी माझं थोडं ऐका. मला एका माणसाबद्दल सांगायचं आहे, आणि ते सांगणारं इथे दुसरं कुणी नाही.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला, त्याला चाळीसहून जास्त वर्षं झाली. पंख सुटे करून, लाकडी खोक्यात भरून मला जहाजाने मुंबईला आणलं. आकाशात उडणाऱ्याने समुद्रातून यायचं म्हणजे नमनालाच थट्टा! पुढे तीन गावं आणि चार मालक झाले. नवख्या मुलामुलींना उडायला शिकवणं हेच माझं काम होतं. त्यांच्या हातून मी इतके दणके खाल्ले की माझ्या चाकांना बोलता आलं असतं, तर ती शिव्याच देत बसली असती.

तेरा-चौदा वर्षं झाली, मी साजगावच्या पलीकडच्या एका लहानशा खासगी धावपट्टीवर आलो. एक डांबरी पट्टी, एका टोकाला पत्र्याची शेड आणि खांबावर लावलेली कापडाची लांब बाही. ती बाही फुगली की वारा कुठून येतोय आणि किती येतोय ते कळतं. पूर्वेला खंडाळ्याचा घाट उभा, आणि मागे लांबवर माथेरानचा सपाट माथा. एवढंच आमचं जग होतं.

तिथे मला विनिता मॅडम भेटल्या, विद्यार्थ्यांना उडायला शिकवणाऱ्या. पंचेचाळीशीच्या, बारीक अंगाच्या, आवाज मात्र खणखणीत. आणि मालोजी भेटला.

मालोजी जवळच्याच गावातला भातशेती करणारा माणूस. गुडघे दुखायला लागले, घरचा शेवटचा बैल विकला आणि तो धावपट्टीवर कामाला लागला. मला शेडमधून बाहेर ढकलायचं, पुसायचं, संध्याकाळी आत घ्यायचं, दोरांनी बांधायचं, हे त्याचं काम. पहिल्याच दिवशी त्याने माझं निळं नाक आणि त्यावरचा पांढरा गोल बघितला आणि हसला.

"ह्यो तर आमचा चांद्या हाय रं," तो म्हणाला. चांद्या हे त्याच्या विकलेल्या बैलाचं नाव. बैलाच्या कपाळावरही तसाच ठिपका होता म्हणे. तेव्हापासून मी चांद्या, माझी शेड म्हणजे गोठा, आणि मला बांधायचा दोर म्हणजे दावं. माझ्या अंगावर रंगवलेली इंग्रजी अक्षरं त्याने कधी वाचली नाहीत. मलाही ती फारशी आवडत नव्हती.

आता तुम्हाला एक गुपित सांगतो. तुम्हाला वाटत असेल, विमानाला भीती आकाशात वाटते. तसं नाही. वर गेल्यावर वारा आम्हाला सांभाळून घेतो. आम्हाला खरी भीती जमिनीवर असते. शेडपासून पट्टीच्या टोकापर्यंत हळूहळू चालत जायचं, त्याला वैमानिक टॅक्सी करणं म्हणतात, आणि जोराचा वारा सुटला असेल तर त्या चालण्याइतकं धोक्याचं काही नाही. कारण बघा, माझा देह टेंपोपेक्षा लांबरुंद, आणि वजन एका चांगल्या म्हशीएवढं. त्यात माझे पंख घडवलेच आहेत ते वारा मिळाला की उचलायला. मला आत्ता उडायचं नाही, मी नुसता चाललोय, हे वाऱ्याला कसं कळणार? तो आपला येतो आणि पंखाखाली हात घालतो.

म्हणून वाऱ्याच्या दिवशी माणसाच्या चालीने चालायचं, त्याहून जोरात नाही. आणि एका माणसाने वाऱ्याकडचा पंख धरून बरोबर चालायचं. तो माणूस मालोजी. अकरा वर्षं त्याने माझा पंख धरला. एकदा साईनाथ नावाच्या शिकाऊ पोराने आडव्या वाऱ्यात मला उगाच पळवलं आणि माझा डावा पंख उचलायला लागला. मालोजी त्या पंखाच्या टोकाला लोंबकळला आणि तसाच वीस-पंचवीस पावलं फरफटत आला. त्याच्या चपला मागे डांबरावर राहिल्या, पण पंख खाली बसला.

मॅडमनी साईनाथला असं झापलं की तो आठवडाभर खाली मान घालून होता. मग त्याला शेजारी बसवून त्यांनी पुन्हा पाठ म्हणायला लावला. तो पाठ त्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून घोटून घ्यायच्या: "समोरून वारा, दांडा मधे, मागून वारा, दांडा पुढे." दांडा म्हणजे वैमानिकाच्या छातीसमोरची ती मूठ. तो पुढे ढकलला की माझ्या शेपटीवरची झडप खाली होते आणि मागून आलेला वारा शेपटीला जमिनीकडे दाबतो. तोच दांडा मागे ओढला तर झडप वर उठते, वारा तिच्याखाली शिरतो आणि शेपूट उचलतो. एवढी साधी गोष्ट.

ती साईनाथला सांगितली. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या पन्नास जणांना सांगितली. मालोजी तेव्हा तिथेच होता, बाहेर, ओलं फडकं घेऊन माझी काच पुसत. त्याला कुणी सांगितली नाही. त्याला काय करायची होती?

वाऱ्याचं मालोजीला शिकवण्यासारखं काही नाही, असंच सगळे समजत होते. आणि ते अर्धं खरंही होतं. खळ्यावर भात वारवण्यात त्याचा जन्म गेला होता. त्याच्या खिशात नेहमी मूठभर भाताचा तूस असायचा. रोज सकाळी तो चिमूटभर तूस हवेत सोडायचा, तो कसा पडतो ते बघायचा आणि सांगायचा, "आज जा बिनधास्त," नाहीतर, "आज नका जाव बाय, वारा दोनतोंडी हाय." मॅडम कापडी बाहीकडे बघायच्या, मग मालोजीकडे. दोघांचं जमलं नाही तर त्या मालोजीचं ऐकायच्या.

पण मित्रांनो, इतकी वर्षं मला ढकलणारा, पुसणारा, बांधणारा हा माणूस एकदाही माझ्यात बसून उडाला नव्हता. सुरुवातीला त्याला हसू यायचं. "आमी काय करायचंय वर? आमचं सगलं खालीच हाय." मग एक दिवस डब्यातली भाकरी खाताना तो मॅडमना सहज म्हणाला, "आमचं शेत वरनं कसं दिसत असंल वं बाय? एवढं नांगारलं, पन आख्खं कदी बगितलं नाय." मॅडम म्हणाल्या, "मालोजीभाऊ, तुम्हाला मी नेणार. शब्द आहे माझा."

शब्द दिला, आणि घोडं पेंड खात राहिलं. कधी विद्यार्थ्यांची गर्दी, कधी माझं इंजिन दुरुस्तीला, कधी मालोजीची लावणी. बघता बघता चार वर्षं गेली. मग त्या मे महिन्यात मालोजीने सांगितलं, गुडघे फारच दुखतात, या पावसाळ्यानंतर काही आपण येणार नाही. पावसाळ्यात आमची पट्टी बंद असते. म्हणजे मे महिन्याचा शेवटचा शनिवार हा त्याचा शेवटचा दिवस होता, आणि मॅडमचा शब्द पाळायचाही.

त्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. टोपी नवी होती. त्याची बायको सुंदरा हिने घरची लाल गोधडी खळ्यावर अंथरून चारी कोपऱ्यांना दगड ठेवले होते, वरून आपलं शेत चटकन सापडावं म्हणून. हे त्याने मला पुसता पुसता सांगितलं. त्या दिवशी त्याने मला दोनदा पुसलं.

दिवसभर मॅडमचे विद्यार्थी होते. मालोजीची पाळी आली तेव्हा चार वाजून गेले होते. आणि घाटावर काळं भरून आलं होतं. वळवाच्या दिवसांत घाटावरून वारा उतरतो तो सांगून येत नाही. सकाळी मलूल लोंबणारी कापडी बाही आता आडवी ताठ झाली होती, मधेच पडत होती, पुन्हा ताठ होत होती. मॅडमनी तिच्याकडे एकदा बघितलं, दोनदा बघितलं. मालोजीने सवयीने खिशातला तूस काढला आणि सोडला. तो खाली पडलाच नाही, सरळ आडवा उडून शेडच्या पत्र्यावर गेला.

मी वाट बघत होतो, तो आता म्हणेल, आज नका जाव बाय. तो काहीच बोलला नाही. नुसते हात पँटला पुसले.

"वारा वाढतोय, मालोजीभाऊ," मॅडमच म्हणाल्या.

"व्हय. मंग ऱ्हाऊ दे बाय. ऱ्हायलं त्ये ऱ्हायलं." आणि तो टोपी काढायला लागला.

त्याने हट्ट धरला असता, तर मॅडम नक्की नाही म्हणाल्या असत्या. नाही म्हणण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. पण त्याने हट्ट धरलाच नाही. इस्त्रीचा शर्ट घातलेला तो म्हातारा माणूस टोपीची घडी घालत होता, आणि मॅडमच्याने ते बघवलं नाही. त्या म्हणाल्या, "बसा. पाऊस यायला अर्धा तास आहे. एक फेरी मारू, शेत बघू, खाली येऊ."

मित्रांनो, त्या बाईंना मी खूप मानतो, आजही मानतो. पण ती चूक तिथेच झाली, शेडच्या दारात, इंजिन सुरू व्हायच्याही आधी. नंतर जे झालं ते तिच्या मागोमाग आलं.

मॅडमनी त्याला शेजारच्या सीटवर बसवलं, पट्टा आवळून दिला. माझ्यात दोन दांडे आहेत, शिकवणाऱ्याचा आणि शिकणाऱ्याचा. एक हलवला की दुसरा आपोआप हलतो. मालोजीसमोरचा दांडा मॅडमनी दाखवला आणि म्हणाल्या, "याला फक्त हात लावू नका." एवढंच म्हणाल्या. का लावायचा नाही, ते सांगायला वेळ नव्हता.

आम्ही निघालो. पूर्वेकडे तोंड करून, वारा नाकावर घेत, माणसाच्या चालीने. पण बरोबर चालणारा माणूस नव्हता. अकरा वर्षांत पहिल्यांदाच वाऱ्याच्या दिवशी माझा पंख धरायला कुणी नव्हतं, कारण पंख धरणारा आत बसला होता. हे ना मॅडमच्या ध्यानात आलं, ना त्याच्या. माझ्या आलं, पण मी कुणाला सांगणार?

पट्टीच्या टोकाशी पोचलो तोच घाटाच्या पायथ्याकडून धुळीची भिंत येताना दिसली. मॅडमनी क्षणभरही वेळ न लावता ठरवलं, उडायचं नाही. ते ठरवणं शंभर टक्के बरोबर होतं. पण मग आणखी एक गोष्ट करायला हवी होती. नाक वाऱ्याकडे ठेवून, तिथेच इंजिन बंद करून, वारा जाईपर्यंत बसून राहायचं. भिजलो असतो, आणखी काही झालं नसतं. मॅडमना वाटलं, शेड चारशे पावलांवर आहे, पोचू. त्यांनी मला वळवलं.

वळलो आणि वारा माझ्या मागे आला. मॅडमनी दांडा पुढे ढकलून धरला, पाठ म्हटल्याप्रमाणे. धूळ आमच्यावरून पुढे गेली, समोरची शेड दिसेनाशी झाली. मागून असा झोत बसला की ब्रेक दाबलेले असतानाही मी पळायला लागलो. माझ्या इच्छेने नाही, मित्रांनो. मला ढकललं जात होतं.

आणि मालोजीच्या हातांना वाटलं, बैल उधळला.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. चाळीस वर्षं बैल हाकलेले ते हात. गाडी उताराला लागली, बैल उधळले, की गाडीवान काय करतो? दोन्ही पाय रोवतो आणि कासरा छातीशी ओढतो. मालोजीने समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून छातीशी ओढला. "हो, हो, चांद्या! हो रं माज्या राजा!"

मॅडमचा दांडा त्यांच्या मुठीतून मागे आला. "सोडा, मालोजीभाऊ, सोडा!" त्या ओरडल्या. पण उधळल्या बैलाचा कासरा कुणी सोडतं का? त्याला वाटलं असेल, सोडला तर बाय मरेल.

माझ्या शेपटीची झडप वर झाली. वारा तिच्याखाली शिरला. शेपूट उचललं, नाक टेकलं, समोरचा पंखा डांबरावर आपटून वाकला, आणि मी सावकाश, अगदी सावकाश पालथा झालो. हजारो वेळा उडालो मी, पण तेवढा एकच क्षण असा गेला की मला कुणी हात द्यावा असं वाटलं. हात द्यायचा तो माझ्या पोटात उलटा लटकला होता.

छत मॅडमच्या बाजूला चेपलं. मालोजीला खरचटलं, बाकी काही नाही. त्यानेच त्यांना बाहेर काढलं आणि पडत्या पावसात आपल्या इस्त्रीच्या शर्टाने त्यांचं तोंड झाकून बसला. सारखं एकच बोलत होता, "म्या वढलं. बाय, म्या वढलं."

मॅडम वाचल्या. पण मानेच्या मणक्याला मार बसला आणि उजव्या हातातली ताकद गेली ती परत आली नाही. आता त्या नाशिकला बहिणीकडे राहतात. त्या कधी उडणार नाहीत. चौकशी झाली तेव्हा त्यांनी स्वच्छ लिहून दिलं, चूक माझी, फक्त माझी. खळ्यावरची लाल गोधडी दोन दिवस पावसात तशीच पडून होती म्हणे. ती उचलायचं कुणाला सुचलं नाही.

माझं इंजिन काढून विकलं, आतल्या तारा कापल्या, पंख ठोकून सरळ केले, रंग दिला आणि मला इथे आणून उभं केलं. निळ्या नाकावरचा पांढरा गोल रंगाखाली गेला. पहिले काही महिने कौतुक झालं, रविवारी रांग लागायची. मग ते सरलं. मला दोन दोरांनी बांधलं होतं, त्यातला एक सोडून कुणीतरी आंब्याला झोका बांधला. वारा सुटला की माझा मोकळा पंख उचलतो आणि खाली आपटतो. येणाऱ्या लोकांना ते बघून गंमत वाटते.

गेल्या मे महिन्यात तसाच एक वळवाचा दिवस होता. दुपारी वारा उठला. माझा पंख वर जायला लागला, आणि त्याच्याखाली कुठल्यातरी घरातली दोन लहान मुलं चेंडू शोधत वाकली होती. मला ओरडता येत असतं तर मी ओरडलो असतो.

कुंपणावरून एक म्हातारा माणूस लंगडत, पडत, धावत आला. त्याने मुलांना बाजूला लोटलं आणि पंखाच्या टोकाला लोंबकळला. मी हात ओळखले. मालोजीचं शेत या रिसॉर्टच्या कुंपणापलीकडेच आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. इतके दिवस तो पलीकडे होता आणि माझ्याकडे पाठ करून काम करत होता.

"ए, बगता काय? या हिकडं!" त्याने स्वयंपाकघरातल्या माणसांना हाका मारल्या. "ह्याचं नाक वाऱ्याला करा! वाऱ्याला पाठ नाय द्यायची ह्याची!" चौघांनी मिळून मला फिरवलं. मग त्याने घरून एक जुनं दावं आणलं आणि माझा पंख बांधला. चांद्याचंच असावं ते.

वारा पडला, माणसं गेली. मालोजी तसाच उभा राहिला. मग हळूच माझं दार उघडून आत बसला, त्याच सीटवर.

"दवाखान्यात बाय म्हनली," तो माझ्याशी बोलायला लागला, "म्हनली, मालोजीभाऊ, तुमाला मी कदी सांगितलंच नाय, त्ये माजं चुकलं. पन ती म्हननारच रं. ती माज्यासाटी म्हननारच."

मग त्याने समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरला. डोळे मिटले आणि तो पुढे ढकलला. "मागनं वारा, दांडा म्होरं," तो पुटपुटला. पुन्हा मागे घेतला, पुन्हा ढकलला. "मागनं वारा, दांडा म्होरं." मी मोजलं नाही, पण अंधार पडेपर्यंत तो बसला होता.

मित्रांनो, मला रंग देऊ नका, माझी धूळ पुसू नका, एक वेळ माझा फोटोही काढू नका. माझं एवढंच मागणं आहे. पुढे तुम्ही मोठे व्हाल, कुणी विमान चालवाल, कुणी बस, कुणी यंत्र. तुमच्या बाजूने कुणीतरी पंख धरून चालत असेल. आत बसणाऱ्याला जे शिकवाल ते त्यालाही शिकवा. वाऱ्याबद्दल त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळत असलं तरी सांगा. आणि वारा वाईट असेल तर कितीही मायेचं माणूस समोर असू दे, त्याला तोंडावर नाही म्हणा. आमच्या मॅडमना तेवढंच जमलं नाही.

आणि कुंपणापलीकडे गुडघ्याला फडकं बांधलेला एक म्हातारा दिसला, तर त्याला सांगा, चांद्याने निरोप दिलाय, चूक तुझी नव्हती. माझं सांगणं त्याला ऐकू जात नाही.

अजूनही जोराचा वारा सुटला की तो येतो. पंख बांधलेला आहे ना बघतो, आत बसतो आणि दांडा पुढे ढकलतो. दांडा आता अगदी सहज पुढे जातो. त्याच्या तारा केव्हाच कापल्या आहेत.